जळका घाणा

हावड्याहून मुंबईला जाणाऱ्या सबंध लोहमार्गावर आमच्या मोठ्या मामाजींइतकी वाईट कॉफी कोणी केली नसेल, आणि इतक्या जिवापाड मायेनं तर नक्कीच कोणी केली नसेल. मोठे मामाजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. सालेकशाकडे धानाची शेती, गोंदियात एका राईस मिलमध्ये भागी आणि रेल्वेच्या क्वार्टरांना लागून घर. स्वातंत्र्यानंतर पाचसहा वर्षांनी मी वर्ध्याहून लग्न होऊन त्या घरात आले. घर पक्कं चहाचं. सकाळी उठल्याबरोबर पातेलं चढायचं ते दिवे लागेपर्यंत उतरायचं नाही. अशा घरात लग्नानंतरच्या पूजेच्या दुसऱ्याच दिवशी मामाजींनी माझ्यासमोर पितळी पेला ठेवला आणि म्हणाले, "सूनबाई, पिऊन पाय अन् खरं सांग." मी एक घोट घेतला. चुलीतली राख गुळाच्या पाण्यात कालवली असती तर याहून बरी लागली असती. सासऱ्यांसमोर डोक्यावरून पदर ओढून बसायचं, या रीतीवर मी मनातून फार चिडलेली होते. त्या सकाळी मात्र पदराआड मनसोक्त तोंड वाकडं केलं आणि बाहेर नुसती मान हलवली. मामाजी हरखून गेले. "पायलं? सूनबाईले आवडली!" चुलीपाशी मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, बसली होती. ती मागे न बघता म्हणाली, "आज तिले कारल्याचा रस देल्ला असता तरी आवडला असता."

या कॉफीमागचं कारण मला पुढे मोठ्या आईनंच सांगितलं. कुंपणापलीकडच्या क्वार्टरात छोट्या लाइनचे, म्हणजे नॅरोगेज गाडीवरचे, एक गार्डसाहेब राहत. होते आंध्रातले, पण गोंदियात दक्षिणेकडचा कोणीही माणूस मद्रासीच, त्यामुळे तेही मद्रासी गार्डसाहेब झाले होते. त्यांच्या बायकोला सगळी आळी अम्मा म्हणायची. अम्मा घरीच कच्चे कॉफीदाणे भाजायच्या, हातानं फिरवायच्या चक्कीत दळायच्या आणि पहिल्या धारेचा एक पेला रोज कुंपणावरून मामाजींना द्यायच्या. इकडून मोठी आई त्यांना नव्या चिन्नोर तांदळाची पायली पाठवायची. कित्येक वर्षं हा व्यवहार चालला. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी अम्मा तापानं गेल्या. गार्डसाहेबांनी चक्की आणि पितळेचं गाळणं उचलून मामाजींना देऊन टाकलं आणि स्टेशनावरचा चहा प्यायला सुरुवात केली. हे मामाजींच्या जिवाला फार लागलं. "बायको गेल्यावर माणूस जेवण सोडते, पान सोडते," ते म्हणायचे, "पण हा माणूस आपल्या घरची कॉफी सोडून टेसनावरचा चहा पिऊन राहिला, म्हणजे त्याचा जीव आता कशातच नाई." तेव्हापासून मामाजींनी पण केला की अम्मांच्या हातची कॉफी, अगदी तीच, एकदा तरी गार्डसाहेबांना पाजायची. अडचण इतकीच होती की मामाजींना कॉफी फक्त पिता येत होती.

माणूस मिलमधला, त्यामुळे त्यांचं सगळं शास्त्र धानावरून निघायचं. धान उकडून वाळवलं की तांदूळ तुटत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मामाजींनी विचार केला, मग कॉफीलाच कायले सोडायचं? त्यांनी मद्रासकडून मागवलेले दाणे रात्रभर भिजवले, सकाळी उकडले आणि अंगणात चटईवर वाळत घातले. चिमण्या येऊ नयेत म्हणून स्वतः काठी घेऊन बसले. चिमण्या आल्या, एकदा पाहून गेल्या, आणि नंतर कित्येक दिवस आमच्या अंगणात तांदूळ टाकले तरी उतरेनात. पुढच्या खेपेला ते दाणे घेऊन मुरमुरेवाल्या भडभुंज्याकडे गेले. तापलेल्या रेतीत दाणे सारखे भाजले जातात, हे तर्काला धरूनच होतं. पण रेती चाळण्यानं सुटली नाही, आणि त्या दिवशी बाजारातल्या गिऱ्हाइकांना कॉफीच्या वासाचे मुरमुरे खावे लागले. भडभुंज्यानं हात जोडले. "सेठ, अबकी बार चना लाना. ये चीज नको." आम्ही घरी दोन दिवस कॉफी प्यायलो ती दात जपून.

मग मामाजी गंभीरपणे अभ्यासाला लागले. दाणा किती भाजायचा याची त्यांनी आपली मापं ठरवली. भुईमुगाच्या टरफलासारखा झाला की कच्चा, चिंचोक्यासारखा झाला की बरोबर, बिबव्यासारखा काळा झाला की वाया गेला. पटकन ताडून पाहता यावं म्हणून एक चिंचोका आणि एक बिबवा सदऱ्याच्या खिशात कायम असायचे. एकदा ते कोणाच्या तरी तेरवीला गेले होते. तिथं पान-सुपारीचं तबक फिरलं, आणि मामाजींनी भाजकी सुपारी उचलून खिशातल्या चिंचोक्याशेजारी धरून बराच वेळ निरखली. घरच्यांना वाटलं, सुपारीत काही दोष निघाला. मिश्रणाचंही तसंच. गोल दाण्यांना वास असतो आणि चपट्यांना अंग असतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. "जुन्या तांदळात नवा मिसळला त भात चिकट होते, एवढं ध्यानात ठेवा," असं आम्हाला बजावून ते गोल आणि चपटे निरनिराळ्या प्रमाणात मिसळत आणि ओळीनं पेले मांडत. दक्षिणेत कॉफीत कसलंसं मूळ घालतात हे कळलं. ते मूळ मिळेना, म्हणून आपला रानातला तरोटा आणून त्याचं बी भाजून घातलं. मोठी आई आयुष्यात कॉफीला शिवली नव्हती, त्या दिवशी नुसता वास घेऊन म्हणाली, "अजी, हा काढा होय. बाळंतिणीले चालन."

आणि दर खेपेला संध्याकाळी गार्डसाहेबांना कुंपणावरून हाक जायची. ते यायचे, पांढरा डगला काढून खुर्चीच्या पाठीवर टाकायचे आणि पेला घ्यायचे. मामाजी त्यांच्या तोंडाकडे असे बघत बसायचे, जसा निकालाच्या दिवशी बाप मास्तरकडे बघतो. गार्डसाहेब भला माणूस. रेती असो की तरोटा, शेवटपर्यंत प्यायचे, पेला खाली ठेवायचे आणि हळूच म्हणायचे, "अच्छा है, भाईसाब. बहुत अच्छा है. पर वो नहीं है." मामाजी मान डोलवायचे. रात्री जेवणाला बसल्यावर मात्र भात चिवडत राहायचे.

अशी दोनतीन वर्षं गेली. कॉफी हळूहळू खरंच चांगली व्हायला लागली. पदराआडचं माझं तोंड आता सरळ राहत होतं, आणि एखाद्या दिवशी मी दुसरा पेलाही मागायची. दाणा बरोबर चिंचोक्यासारखा उतरत होता. गार्डसाहेबांचं उत्तर मात्र तेच. आणि मग एके दिवशी त्यांनी सांगितलं की नोकरी संपत आली, येत्या महिन्यात क्वार्टर सोडून गावी जायचं आहे. मामाजी त्या रात्री जेवले नाहीत. "अवं, तो चालला," ते मोठ्या आईला म्हणाले, "अन् मी अजून चिंचोकेच मोजून राहिलो."

निघायच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. मामाजी परसात शेगडीवर कढई ठेवून भाजत बसले होते. एक घाणा उत्तम उतरला होता, दुसरा चढला होता, तेवढ्यात छोट्या लाइनच्या गाडीची शिटी वाजली. रूळ आमच्या परसामागूनच जायचे. मामाजींच्या मनात आलं असेल, आता हा माणूस या गाडीवर आणखी कितीदा दिसणार! ते झारा हातात घेऊन तसेच कुंपणाशी गेले. शेवटच्या डब्यात गार्डसाहेब उभे होते. यांनी झारा हलवला, त्यांनी हिरवा बावटा हलवला. डबा वळणाआड गेला तरी मामाजी तिथंच. मी धूर पाहून धावले तोवर कढईतला सगळा घाणा बिबवा झाला होता. मामाजी शेगडीपाशी मटकन बसले. दाणे तेवढेच उरले होते, आणि मद्रासहून दुसरे यायला वेळ नव्हता. "टाकून दे, सूनबाई," ते म्हणाले. पण मोठी आई आली. "टाकता कायले? फुकटचे होत का?" तिनं जळका घाणा चांगल्यात ओतला, हातानं कालवला आणि चक्कीत दळायला माझ्याकडे दिला.

संध्याकाळी मामाजी गार्डसाहेबांना हाक मारायला तयार नव्हते. मोठ्या आईनंच मारली. गार्डसाहेबांनी घोट घेतला आणि पेला ओठाशी तसाच धरून राहिले. मग एका दमात प्यायले. आम्ही वाट पाहत होतो. ते म्हणाले, "और है क्या?"

दुसरा पेला हातात घेऊन ते कुंपणाकडे वळले. मग सांगायला लागले. "मेरी गाड़ी की सीटी सुनते ही वो कढ़ाई छोड़के उधर आके खड़ी होती थी. हर बार थोड़ा जलता था. मैं डाँटता था, कॉफी खराब करती हो, मत आया करो. वो हँसती थी, जला हुआ अच्छे में मिला देती थी." मोठी आई हलकेच म्हणाली, "खरं आहे. तिच्या परसात रोज धूर दिसे." मामाजींनी खिशातून चिंचोका आणि बिबवा काढला आणि दोन्ही कुंपणापलीकडे भिरकावून दिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही होतं. त्या दिवशी पदर मला दुसऱ्यांदा उपयोगी पडला.

गार्डसाहेब गावी गेले ते त्या कॉफीच्या पुडीचा डबा उराशी धरून. पुढच्या वर्षी मामाजी धान कापणीसाठी सालेकशाला गेले आणि बरेच दिवस तिकडेच राहिले. यायच्या दिवशी दुपारी मी परसात आले तर मोठी आई शेगडीपुढे बसलेली, समोर कढई, कढईत कॉफी. दूर मोठ्या लाइनवर सालेकशाकडून येणाऱ्या गाडीची शिटी वाजली, तशी ती झारा टाकून उठली आणि पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिली. स्टेशनावरून घरी यायला अर्धा तास लागतो, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी कढईकडे पाहिलं. धूर निघायला लागला होता. मी हात लावला नाही.

मामाजी आले, हातपाय धुऊन बसले. तिनं पेला पुढे ठेवला. त्यांनी घोट घेतला आणि तिच्याकडे पाहिलं.

"जळली," ते म्हणाले.

"जळली त जळली. प्या."

मामाजी प्यायले. मग पेला पुढे करून म्हणाले, "अजून आहे का?"