सायलेन्सर भिंतीकडे

काका गेले त्या सकाळी त्यांची मोटारसायकल दाराशी उभी होती. सायलेन्सर भिंतीकडे होता.

संकठा घाटाजवळच्या आमच्या गल्लीत, शेजारच्या काकांची गाडी नेहमी तशीच असे. तुम्ही काशीच्या गल्ल्यांतून अंग चोरून चालला असाल, तर उभ्या गाडीचा चटका कधीतरी पोटरीला बसलाच असेल. ओरडून तुम्ही पाय मागे घेतला असेल. काकूंनी एकदा घेतला नाही. साखरेच्या आजारामुळे त्यांच्या पायांची जाणीव गेली होती. काकांनी नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीला टेकून भाजीवाल्याशी बोलता बोलता त्यांनी काकांनाच विचारलं, "काहीतरी करपतंय का हो?"

पातळाचा काठ करपला होता, आणि आत पोटरी. जखम भरायला सगळा हिवाळा गेला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर पाय वाचेलच असं नाही.

काकांनी सायलेन्सरवर जाळीचं कव्हर बसवलं. हात लावून पाहिला. तेही तापत होतं. मग त्यांनी वाटच बदलली. सरळ गल्लीत शिरलं की सायलेन्सर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बाजूला येई. म्हणून रेल्वेच्या कचेरीतून परतताना ते लांबचा वळसा घेत, गल्लीच्या दुसऱ्या तोंडाने शिरत आणि गाडी घराच्या भिंतीला भिडवत.

कोपऱ्यावरचा पानवाला त्या वळशाला काशीची प्रदक्षिणा ठरवून विचारी, "का चाचा, पंचकोसी पूरा हो गयल?"

"रोज का पुण्य है, बेटा," काका म्हणत. आणि सायलेन्सर भिंतीकडे असूनही जवळून जाणाऱ्याला सांगत, "सँभल के, गरम है."

शेवटच्या संध्याकाळी मी त्यांच्या मागे बसून रामनगरहून येत होतो. पुलावर ते म्हणाले, छाती भरल्यासारखी वाटतेय. दवाखान्यात जाऊ म्हटलं, तर म्हणाले, "घरी गोळी आहे." गल्ली समोर आली.

"काका, आज तरी सरळ घ्या."

"आणि तुझी काकू दारात उभी असली तर?"

वळसा घेतलाच.

परवा काकू बाहेर आल्या. भिंत आणि गाडी यांच्यामधल्या फटीत त्यांनी हात घातला आणि तळवा सायलेन्सरवर ठेवला. मी दचकून पुढे झालो.

"हाताला कळतं रे अजून," त्या म्हणाल्या. "गार आहे."

गाडी तिथेच आहे. काकूंच्या पोटरीवर डाग एकच आहे.