आनंदाची खोली

"ज्याचं नाव घ्यावं, ते दाराशी येऊन उभं राहतं," लझरकाका मला एकदा म्हणाले होते. मी शिडीवर होतो, हातात भिंतीला लंबी भरायची पट्टी. जुन्या दवाखान्यात पूर्वेकडच्या बोळाच्या टोकाला जी खोली आहे तिला कुठला रंग द्यायचा, एवढंच मी विचारलं होतं.

आमचं गाव फॉस्फेटच्या खाणीचं. गफ्साहून येणारी बस जिथे थांबते आणि माघारी वळते, तिथलं. फ्रेंचांच्या काळात खाण-कंपनीने इथे खाणकामगारांसाठी दवाखाना बांधला. तो बंद पडून अकरा वर्षं झाली. वॉर्डांत कबुतरं राहायला आली. चौतीस वर्षं तिथे वॉर्डबॉय असलेल्या लझरकाकांच्या कमरेला मात्र किल्ल्या तशाच राहिल्या. त्या कोणी मागितल्याच नाहीत.

रोग्याला नेताना काका सतत बोलत. टरबुजं, गाढवाच्या खोड्या, फुटबॉल, शेजाऱ्याचं तिसरं लग्न, काहीही. माणसाचं लक्ष छताकडे जाऊ नये म्हणून. ते गप्प असत ते एकाच फेरीत. चाकांचा आवाज येतोय आणि लझर बोलत नाही, असं झालं की बोळातले लोक भिंतीला टेकून उभे राहत आणि ओठांतल्या ओठांत गेलेल्यासाठी फातिहा म्हणत.

मग नाएला आली. जन्म ट्युनिसचा, वाढलेली फ्रेंचांच्या लियोंला. तिला या इमारतीचा वृद्धाश्रम करायचा होता. गावात आधी हशा झाला. "आपली म्हातारी माणसं काय कबुतरं आहेत, दुसऱ्याच्या छपराखाली ठेवायला?" नळ बसवणारा बेलगासेम म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी तोच कामावर आला. आम्ही सगळेच आलो.

इमारतीचे नकाशे वाळवीने खाल्ले होते. म्हणून लझरकाका पुढे आणि खडू घेऊन नाएला मागे, अशी ती दोघं दारामागून दार उघडत गेली.

"ही कसली खोली, काका?"

"प्लॅस्टरची."

"आणि ही?"

"बाळंतपणाची. तू ज्याच्याकडून वाळू घेतेस ना, तो इथेच जन्मला. पायाळू."

बोळाच्या टोकाशी काका थांबले. किल्ली फिरवली, पण दार ढकललं नाही.

"ही?"

"ही... आनंदाची खोली."

आमच्याकडे कोळशाला 'पांढरा' म्हणतात आणि आंधळ्याला 'डोळस'. ती थट्टा नसते, भीती असते. वाईट गोष्टीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली की ती कान टवकारते. म्हणून दवाखान्यातले सगळे, डॉक्टरसुद्धा, प्रेतं धुवायच्या आणि ठेवायच्या खोलीला आनंदाची खोली म्हणत. माझे वडील छातीत खाणीची धूळ भरून तिथूनच गेले. कोळसा म्हणजे पांढरा, हे नाएलाला तिच्या आईने शिकवलं असेलही. खोलीचं कोण शिकवणार?

ती आत शिरली आणि खूश झाली. बाहेर अंग भाजत होतं आणि आत माठासारखा गारवा. दगडी ओटा भंगारवाल्यांनी कधीच नेला होता. राहिलं होतं ते सगळं तिच्या सोयीचं: रुंद दार, उंबरठा नाही, मधल्या जाळीकडे उतरती फरशी, भिंतीला नळ. "चाकाच्या खुर्चीवरच्या माणसासाठीच केलीय जणू! इथेच अंघोळ, इथेच झोप. आणि नाव किती गोड आहे! तेच ठेवायचं."

काकांनी तोंड उघडलं होतं. मी पाहिलं. मग ते मिटलं.

चहाच्या वेळी आमच्यात रोज तेच.

"तू सांग तिला."

"मी का? माझी आई अंथरुणाला खिळलीय. तुझ्या घरी सगळे धडधाकट, तू सांग."

"धडधाकट म्हणू नकोस रे, दृष्ट लागेल!"

"बेलगासेम, तू सांग."

"मी नळ बसवतो. तोंड नळाला असतं. मला नाही."

सगळे हसले. काका हसले नाहीत. त्या दुपारी त्यांनी मला सांगितलं, की एकोणीस वर्षांचे असताना, नोकरीच्या पहिल्याच महिन्यात, एका हसऱ्या खाणकामगाराला क्ष-किरणाला नेताना त्यांनी सहज म्हटलं होतं, "त्या प्रेतांच्या खोलीवरून जाऊ, जवळ पडतं." माणसाचा फक्त हात मोडला होता. संध्याकाळी तो त्याच खोलीत होता. "तो शब्द त्याने ऐकला, आणि शब्दाने त्याला," काका म्हणाले. त्यानंतर त्यांनी तो शब्द कधी उच्चारला नव्हता. मला सांगतानाही त्यांनी त्या जागी हाताने नुसती रेघ ओढली.

भिंतींना मी फिका पिवळा रंग दिला. तिसरा हात दिला तरी जाळीभोवती ओल वर येत राहिली.

काकांची थोरली बहीण हद्दा. आई गेली तेव्हा काका तीन वर्षांचे होते. हद्दाने त्यांना पाठीला बांधून वाढवलं आणि स्वतः लग्न केलं नाही. हिवाळ्यात तिचं खुब्याचं हाड मोडलं. काकांचं घर बेचाळीस पायऱ्यांवर, संडास खाली अंगणात, आणि त्यांची छाती आता चढाला साथ देत नव्हती. मान खाली घालून त्यांनी नाएलाकडे बहिणीसाठी खाट मागितली. लोक काय म्हणतील, ते त्यांनी आधीच स्वतःला म्हणून घेतलं होतं.

उद्घाटनाच्या आठवडाभर आधी नाएला म्हणाली, "काका, हद्दामावशींना आनंदाची खोली. तुमचा मान आहे तो."

"दुसरी... दुसरी कुठलीही चालेल, मदाम."

"संकोच कसला करता!"

ते सरळ माझ्याकडे आले. "पाटी लिहू नकोस."

"मी लिहिली नाही तर दुसरा लिहील. काका, तुम्ही सांगा तिला. एक शब्द आहे फक्त."

"सांगितला तर तो हद्दाच्या नावाला चिकटेल. नाही सांगितला तर हद्दा तिथे निजेल. तू सांग, कुठला रस्ता धरू?"

मी पाटी लिहिली. चांगल्या अक्षरात, खाली छोटं फूल काढून.

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी काकांनी हद्दाला खुर्चीवर बसवून आणलं. फाटकापासून त्यांचं बोलणं चालू होतं, चौतीस वर्षं चालू होतं तसं. "टरबुजं यंदा पाणचट. आणि गाढव कोणाचं मेलं माहितेय? त्या..."

"कमी बोल, धाप लागेल," हद्दा म्हणाली. तिने ठेवणीतली निळी मेलिया नेसली होती. "लग्नात नेसायची राहिली, म्हटलं इथे तरी."

बोळाच्या टोकाशी नाएला फुलं घेऊन उभी होती. आम्ही कामकरी भिंतीला टेकून उभे होतो. कोणी सांगितलं नव्हतं. पाठी आपोआप टेकल्या.

"पाटीवर काय लिहिलंय गं, पोरी? मला वाचता येत नाही."

"आनंदाची खोली, मावशी!"

हद्दाने दाराकडे पाहिलं. मग नळाकडे. मग जाळीकडे, बराच वेळ.

"लझर," ती म्हणाली, "बाबांचे पाय इथेच धुतले होते ना रे आपण?"

नाएलाच्या हातातली फुलं खाली आली. तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आम्ही फरशीकडे.

"म्हणजे... ही खोली..." ती म्हणाली.

हद्दा रागावली नाही. तेच वाईट झालं. "सगळ्यांना आणलंस, मलाही आणलंस," ती म्हणाली. "असू दे. गार आहे."

काकांच्या ओठांना शब्दाचा आकार आला. तो शब्द, जो पंचेचाळीस वर्षं त्यांनी दाताखाली धरला होता. मी डोळे मिटले. काही ऐकू आलं नाही. उघडले तेव्हा काका खुर्ची वळवत होते.

"काका, थांबा! दुसरी खोली देते, वरची, उन्हाची!" नाएला मागे धावली.

ते थांबले नाहीत. बोळातून चाकांचा आवाज जात राहिला, एक चाक कुरकुरत होतं. बेलगासेमचे ओठ हलू लागले. मी त्याचा दंड दाबला.

"बोल रे काहीतरी," हद्दा म्हणत होती, मागे वळून, खुर्चीचे हात घट्ट धरून. "टरबुजांचं बोल. लझर, गप्प राहून ढकलू नकोस मला. लझर!"

बाहेर पांढरं ऊन होतं, आणि त्यापलीकडे बेचाळीस पायऱ्या. काका तिला घेऊन दाराबाहेर पडले. एक शब्द न बोलता.