नावासकट भांडी

मी जुन्या घरगुती वस्तू ऑनलाइन विकते. मेहरूणमधल्या माझ्या घराची मागची खोली हेच माझं दुकान. कोणाची बदली झालेली असते, कोणाच्या सुनेला सासूचा मिक्सर नको असतो. त्या वस्तू मी घेते, फोटो काढते, चार ओळी लिहिते आणि विकते. धंद्याचा नियम एकच, खोट आधी सांगायची. झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण माझ्याकडे चालत नाही. इथं मूठ उघडली की वस्तू परत येते, आणि वर शिव्या खाव्या लागतात त्या वेगळ्या.

धुळ्याचं घर आवरून आई माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्यासोबत स्टीलच्या भांड्यांची दोन पोती आली. धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी जमवलेली ती भांडी होती. आई दर धनत्रयोदशीला एखाद-दुसरं भांडं घ्यायची आणि दुकानाच्या पायरीवर मशीन घेऊन बसलेल्या माणसाकडून त्यावर बहिणीचं नाव घालून घ्यायची. तो आडनाव विचारायचा. लग्नानंतर ते बदलणारच, म्हणून आई त्याला नुसतं नाव घाल म्हणायची. आमच्याकडे मुलींच्या भांड्यांवर असंच अर्धं नाव असतं.

लग्न झालंच नाही. बहिणीला ताप आला आणि आठवडा संपायच्या आत ती गेली. मी रडले नाही. आलेल्या-गेलेल्यांना चहा दिला, दहाव्याचं सामान आणलं, पाहुण्यांच्या गाड्यांच्या वेळा बघितल्या. लोक म्हणाले, मोठी फार खंबीर आहे. खंबीर कसली? मला काही वाटतच नव्हतं. दातांच्या डॉक्टरानं इंजेक्शन दिल्यावर ओठ आपलाच असून आपला वाटत नाही, तसं झालं होतं. ते नंतरही उतरलं नाही.

पोती पलंगाखाली पडून होती. एके दिवशी आईच म्हणाली, "बठ्ठा भांडा दी टाक. पन एखाद्या नव्या संसारमा जावाले पाहिजेत." सगळी भांडी चुलीवर चढावीत, त्यात कोणीतरी वरण शिजवावं, एवढंच तिला हवं होतं. मला ते काम बाकीच्या कामांसारखंच वाटलं.

स्टीलचा फोटो काढणं अवघड असतं. फोटोत पातेलं कमी आणि त्यात उमटलेली फोटो काढणारी बाईच जास्त दिसते. मी खिडकीला पांढरी चादर लावली, ऊन मऊ करून घेतलं, आकार कळावा म्हणून प्रत्येक भांड्याशेजारी पाण्याचा तांब्या ठेवला. खोट दाखवायला नावाचा जवळून फोटो काढला. वर लिहिलं, 'स्टीलची भांडी, न वापरलेली. नाव कोरलेलं आहे, पॉलिश करून निघेल.' लिहिताना हात जराही थांबला नाही. मोबाइल आईला दाखवला. तिनं चष्मा लावून सावकाश वाचलं.

"तिनं नाव शे ते," ती म्हणाली. "डाग नही."

बहिणीच्या नावाला मी खोट म्हटलं म्हणून दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. मला रागच आला. धंदा माझा, आणि शिकवायला ही! पण विक्रीही होत नव्हती. नाव काढून देता का, असं विचारणारेच जास्त होते. तिसऱ्याच कोणाच्या नावाचं भांडं कोण घरात ठेवील? शेवटी मी मथळा बदलला. बहिणीचं नाव खोटेच्या ओळीतून काढून सगळ्यात वर घातलं. त्या नावाच्या मुलीसाठी संसाराची नवी भांडी, असं लिहिलं. लोक जे शब्द शोधतात ते वर घालावेत हे मला माहीत होतंच. एखादी आई मुलीचं नावही शोधत असेल हे सुचलं नव्हतं.

बोदवडहून एका बाईंचा फोन आला. दुपारची वेळ होती. आई शेजारी भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती, म्हणून मी फोन स्पीकरवर ठेवला.

"ताई, माझ्या मुलीचंच नाव आहे हो! दिवाळीनंतर लग्न आहे तिचं," बाई म्हणाल्या. "एक विचारू? कोणाचं लग्न मोडलं का?"

हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. मोडलेल्या लग्नाची भांडी लोक घेतात. गेलेल्या मुलीची भांडी लग्नघरात कोणी नेत नाही, हे मला ठाऊक होतं आणि आईलाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. गप्प राहा असं तिला म्हणायचं होतं की काय, ते मला कळलं नाही.

"माझी बहीण होती," मी म्हणाले. "लग्नाआधीच वारली. भांडी कोणी वापरलेली नाहीत." कुकरची रिंग ढिली आहे हे ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात सांगितलं.

आई पुन्हा शेंगा सोलायला लागली.

"मी कशी काय ठरवू?" बाई अखेर म्हणाल्या. "वापरायची तिला आहेत. तिलाच विचारते." आणि त्यांनी माझ्या बहिणीच्या नावानं मोठ्यांदा हाक मारली.

"आले गं मम्मी!" आतून आवाज आला.

आमच्या घरात त्या नावानं कोणी हाक मारत नव्हतं. मारली असती तरी ओ आली नसती. आई उठली. मांडीवरच्या शेंगा फरशीवर सांडल्या. पलीकडे आई-मुलीचं हलक्या आवाजात बोलणं झालं, मग मुलगी फोनवर आली.

"हॅलो, मम्मीनं सांगितलं सगळं. मला चालेल. नाव माझंच आहे ना. रविवारी येऊन घेऊन जाते."

आईनं माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि तोंडाजवळ धरला. भांड्यांचं काहीच बोलली नाही.

"जेवनी का बेटा?" तिनं विचारलं.

"हो, आत्ताच जेवले," मुलगी म्हणाली. "तुम्ही जेवलात का?"

आईनं नुसती मान हलवली. मी भिंतीकडे तोंड फिरवलं, कारण मला रडू आलं होतं आणि थांबवता येत नव्हतं. मोबाइलमधून ती मुलगी पुन्हा पुन्हा विचारत होती, "हॅलो, आजी? ऐकू येतंय ना माझं?"