सतरा नंबरचा हिरवा ठिपका

नगरपालिकेत ती लागली तेव्हा तिला सगळे 'गटारवाली बाई' म्हणायचे, आणि तेही तोंडावर. ड्रेनेज खात्यातली ती पहिली बाई इंजिनिअर. खात्यातल्या पुरुषांना वाटलं होतं, महिन्याभरात नाकाला रुमाल लावून बदली मागेल. कसलं काय! गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवून, खुणा केलेली बांबूची काठी घेऊन ही सकाळी सातला नाल्यावर हजर. कुठला नाला कुठे तुंबतो, कुठल्या पुलाखाली गाळ धरतो, सगळं तोंडपाठ. घरी आली की आई आधी न्हाणीघराकडे बोट दाखवायची, मग चहाचं विचारायची. थोरली बहीण चिडवायची, हिच्याशी लग्न करणाऱ्याला नाक नसलेलं बरं. लग्न काही झालं नाही. ते नाल्यामुळे की आणखी कशामुळे, हा विषय घरात निघत नसे.

पुढे शहर स्मार्ट करायचा हुकूम आला. म्हणजे नेमकं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी पटापट हात वर केले आणि काम हिच्या गळ्यात पडलं. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी बाई 'स्मार्ट मॅडम' झाली. काठी कोपऱ्यात गेली, हातात टॅब आला. तिने शहरातल्या नाल्यांवर बासष्ट मीटर बसवून घेतले. दर दहा मिनिटांनी पाण्याची उंची कंट्रोल रूममध्ये कळवायची, भिंतभर पडद्यावर शहराचा नकाशा, आणि त्यावर प्रत्येक मीटरचा एक ठिपका. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे धोका, करडा म्हणजे मीटर बंद. कल्पना तिचीच होती आणि चांगली होती, हे कबूल करायलाच हवं. पाणी घरात शिरलं की लोकांचं काय होतं, हे तिने वीस वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं.

उद्घाटनाच्या दिवशी अकराला पाहुणे येणार आणि नऊला एकोणीस ठिपके करडे. बॅटऱ्यांत ओल गेली होती. मीटरच्या कंपनीचा माणूस नुसता घाम पुसत उभा. आयुक्तसाहेब फोनवर एवढंच म्हणाले की आपलं नाक कापलं जाता कामा नये. मग तिनेच त्या माणसाला सांगितलं, जे मीटर बोलत नाही त्याचा शेवटचा आकडा धरून ठेव आणि ठिपका हिरवा दाखव. आजच्यापुरतं. वेळ मारून न्यायची, झालं. पाच मिनिटांचं काम होतं. अकराला बासष्टच्या बासष्ट ठिपके हिरवेगार, टाळ्या, फोटो.

येत्या सोमवारी ते काढून टाकायचं ठरलं होतं. सोमवारी दुसऱ्या शहराचं शिष्टमंडळ आलं. त्याच्या पुढच्या सोमवारी स्मार्ट शहरांच्या क्रमवारीची तपासणी होती. मग शहराचा दुसरा नंबर आला, तिला मानपत्र मिळालं आणि ती सोय जिथल्या तिथे राहिली. चार-पाच महिन्यांत तिची तीच विसरली. दुसऱ्याला फसवणारी माणसं पुष्कळ असतात. ही बाई स्वतःच्या थापेवर स्वतःच विश्वास ठेवून बसली, याला काय म्हणायचं?

कंट्रोल रूममध्ये पडद्यासमोर ठेकेदाराकडची एक मुलगी बसायची. जाड भिंगांचा चष्मा, म्हणून सगळे तिला चष्मिस म्हणत. दिवसाचे आठ तास ठिपके बघायचे, हे तिचं काम, आणि ती ते खरोखर करायची, हीच तिची चूक. एकदा तिने मॅडमना थांबवून विचारलं होतं की सतरा नंबर कधी हलत कसा नाही, आठ महिने तोच आकडा, चाळीस सेंटिमीटर. मॅडम घाईत होत्या. नाला साफ असला की पाणी चढत नाही, असं सांगून त्या लिफ्टमध्ये शिरल्या.

सतरा नंबरचा मीटर होता त्या नाल्याकाठच्या गल्लीत मॅडमची थोरली बहीण राहायची, तळमजल्यावर. आई तिच्याकडेच होती, अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली. एके दिवशी दुपारी वरच्या अंगाला धो धो पाऊस झाला. तीनच्या सुमाराला ताईचा फोन आला तेव्हा ही मीटिंगमध्ये होती. ताई म्हणाली की पाणी पायरीला लागलंय, आईला वरच्या मजल्यावर न्यायचं तर चार माणसं लागतात, शेजारचे आत्ता घरात आहेत पण निघायच्या बेतात आहेत, काय करू ते लवकर सांग.

तिने टॅबवर पाहिलं. सतरा नंबर हिरवा.

"ताई, चाळीस सेंटिमीटर पाणी आहे नाल्यात. बस निवांत."

"अगं, मला डोळ्यांना दिसतंय."

"ते रस्त्याचं असेल. उगाच आईला हलवून दमवू नकोस."

वीस वर्षं काठी बुडवून पाणी मोजलेली बाई, आणि सख्ख्या बहिणीच्या डोळ्यांपेक्षा तिला ठिपका खरा वाटला. ताईचा जीव भांड्यात पडला, कारण धाकटी त्यातली जाणकार. शेजारी निघून गेले. पाऊण तासात पाणी पलंगाच्या वर आलं. फायर ब्रिगेडची माणसं पोचेपर्यंत दीड तास ताई आईचं डोकं हातांवर उचलून धरून उभी होती. आई वाचली, पण छातीत पाणी झालं आणि नवव्या दिवशी दवाखान्यातच वारली.

त्याच आठवड्यात चौकशी आटोपली. चार पानांचा अहवाल, आणि खापर फुटलं चष्मिसच्या डोक्यावर: कर्तव्यात हलगर्जी, सबब कामावरून कमी. यंत्रणेत दोष नाही. खाली विभागप्रमुख म्हणून हिच्या सहीसाठी जागा होती. तिने अहवाल नीट वाचला, सतरा नंबर कशामुळे हिरवा होता हे तिला तोवर लख्ख आठवलेलं होतं, आणि तिने सही केली. आई नुकतीच गेली होती, भान नव्हतं, असली सारवासारव पुढे तिने स्वतःशी पुष्कळ केली. भान चांगलं होतं. तिला भीती वाटली, एवढीच गोष्ट.

चार दिवसांनी चष्मिस ताईच्या घरी भेटायला आली. भिंतींवर छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ होती, त्याखाली दोघी बहिणी बसल्या होत्या. मुलगी चष्मा काढून पुसत म्हणाली, "मॅडम, माझं लक्ष नव्हतं का हो? मी तर बघत होते. मला हिरवंच दिसत होतं. आता मला माझीच खात्री वाटत नाही."

मुलगी गेल्यावर हिने ताईला सगळं सांगितलं, उद्घाटनापासून सहीपर्यंत. ताई आईच्या धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. ती रडली नाही, ओरडली नाही, उरलेल्या घड्याही तिने घातल्या.

"माझ्याशी नंतर बोल," ती म्हणाली. "आधी त्या पोरीचं काय ते बघ."

त्यानंतर ताई तिच्याशी कामापुरतंही बोलली नाही.

हिने आयुक्तांना दीड पान लिहून दिलं. मीच सांगितलं, मीच विसरले, मुलीने विचारलं तेव्हा मीच उडवून लावलं, तिला परत घ्या. आयुक्तांनी ते दोनदा वाचलं. रागावतील, निलंबित करतील, अशा तयारीनेच ती उभी होती. पण ते कसले रागावतात! त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. फाइल बंद झाली आहे, ती उघडली तर योजनेचा दुसरा टप्पा अडकेल, तुम्ही दुःखात आहात, असं सगळं हळुवारपणे समजावलं. आणि मग म्हणाले की हे तुमचं लिखाण मात्र फार मोलाचं आहे. पुढच्या महिन्यात सगळ्या शहरांची परिषद आहे, विषयच 'स्मार्ट शहर राबवताना शिकलेले धडे', आपल्याकडून तुम्हीच बोलायचं. हे तिथे सांगा.

तिलाही वाटलं, बरंच झालं. तीनशे माणसांसमोर बोललं की कुठेतरी नोंद होईल, मग मुलीला परत घ्यावंच लागेल. खुळी आशा, दुसरं काय!

परिषदेत तिच्या भाषणाचे दहा धडे पाडले होते. तिचं दीड पान सातव्यात बसवलं होतं: 'माहितीची विश्वासार्हता'. ती मथळे सोडून बोलली. आईचं सांगितलं, ताईचं सांगितलं, पडद्यासमोरच्या मुलीचं सांगितलं, आणि दोष माझा आहे असं तीनदा म्हणाली. मग पहिली टाळी आयुक्तांनी वाजवली, पहिल्या रांगेतून, आणि सगळे उठून उभे राहिले. उतरल्यावर तिने त्यांना गाठून मुलीचं विचारलं. ते म्हणाले, भाषण अप्रतिम झालं, आणि तो विषय आता संपला आहे.

बाहेर चहाच्या टेबलाजवळ एका छोट्या गावचा इंजिनिअर वही घेऊन तिची वाट बघत उभा होता. तरुण, नम्र, डोळे अजून ओले. त्याने आवाज खाली आणला.

"मॅडम, ते बंद मीटर हिरवे दाखवायचं नेमकं कुठून केलंत? आमचं उद्घाटन बुधवारी आहे आणि निम्मे मीटर मेलेत."

"मी आत काय बोलले ते ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं की. खरंच सांगतो, गलबलून आलं. आम्ही फक्त एका दिवसापुरतं करणार."

आरडाओरडा करावा, वही फाडून टाकावी, असं तिच्या फार मनात आलं.

"तुमच्या पडद्यासमोर कोण बसतं?"

"आहे एक मुलगी. ठेकेदाराकडची."

"नाव काय तिचं?"

त्याने आठवून पाहिलं. अगदी मनापासून आठवून पाहिलं. मग ओशाळं हसून म्हणाला की ऑफिसात फोन करून विचारतो, आणि वहीत तसं लिहून घेतलं.