मावशीचा एडिटर

अर्धांगवायूने मावशीची वाचा गेली, तेव्हापासून ती लिनक्सच्या कॉम्प्युटरवर एका बोटाने टाइप करून बोलायची. "दाढी करा, भुतासारखे दिसता," असं काकांना मोठ्या अक्षरांत सुनावायची. एका अपडेटनंतर ती ज्यात टाइप करायची तो साधा एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्रॅम, उघडेनासा झाला.

काका इरेला पेटले आणि एकामागून एक दुसरे एडिटर तिच्यापुढे ठेवू लागले. एका एडिटरमध्ये जोडाक्षरं फुटायची, दुसऱ्यात अक्षरं मोठी होईनात, तिसरा तर तिने टाइप केलेलं हुकूम समजून भलतंच करायचा.

"हा नक्की जमेल तुला," काका दर वेळी म्हणायचे. मावशी घामाघूम व्हायची. शेवटी तिने कसंबसं लिहिलं, "पुरे आता."

खटपट करून काकांनी जुना एडिटर परत आणला, पण तिने कीबोर्डला पुन्हा हात लावला नाही. काका बोलत राहतात, ती भिंतीकडे बघत राहते.