देवरायनदुर्गाचा घाट आणि मी घरी केलेला ब्रेक

बेंगळुरूहून एका दिवसात जाऊन यायचं असेल तर देवरायनदुर्ग छान आहे. आमच्या बेळ्ळंदूरहून नव्वदेक किलोमीटर. सकाळी सहाला निघालात तर तुमकूर रस्ता बराच मोकळा मिळतो. फक्त मी गेलो तसे जाऊ नका.

काकांची अठरा वर्षांची मोटरसायकल सध्या माझ्याकडे आहे. तिच्या मागच्या डिस्क ब्रेकचं ऑइल मी शनिवारी पार्किंगमध्ये, व्हिडिओ बघून, स्वतः बदललं. बायको, वैशाली, मदतीला येऊ का म्हणाली. मी ऐटीत नको म्हटलं. काम झाल्यावर पेडल जरा मऊच लागत होतं, पण चालवल्यावर होईल घट्ट, अशी मी स्वतःची समजूत घातली. वैशाली कॉलेजात असताना दुचाकीवरून पडली होती, तेव्हापासून मागे बसायला घाबरते. निघताना तिने ब्रेकचं विचारलं. "अगदी नव्यासारखा केलाय," मी म्हणालो.

वाटेत तट्टे इडली, म्हणजे ताटलीएवढी चपटी इडली, खाल्ली, दोघांचे एकशे वीस रुपये. डाबसपेटहून आत वळलं की रस्ता अरुंद पण चांगला आहे. वर नरसिंहाचं देऊळ, वारा, आणि हातातली पिशवी पळवणारी माकडं.

उतरताना तिसऱ्या वळणावर पेडल थेट खाली गेलं. पुढच्या ब्रेकवर कशीबशी गाडी कडेच्या मातीत थांबवली. लागलं कुणालाच नाही. वैशाली उतरली आणि चालायला लागली. मी पहिल्या गिअरमध्ये तिच्या मागून रखडत होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

खालच्या गावात गॅरेज मिळालं. मेकॅनिक अण्णांना फक्त कन्नड येत होतं, मला ते जेमतेम कळतं. वैशाली बेळगावची, त्यामुळे बोलणं तिनेच केलं. अण्णांनी ब्रेकच्या निपलला, म्हणजे हवा काढायच्या तोटीला, नळी लावली, नळीचं टोक बाटलीत सोडून बाटली माझ्या हातात दिली आणि वैशालीला पेडल दाबायला बसवलं. "ओत्ती," म्हटलं की तिने दाबायचं, त्यांनी निपल उघडून बंद करायचं, आणि मगच "बिडी," म्हणजे सोडायचं. नळीतून बुडबुडेच बुडबुडे आले. शनिवारी मी एकट्याने करताना निपल बंद करायच्या आधीच पेडल सोडत होतो, दर वेळी हवा आत ओढत होतो.

अण्णांनी विचारलं, "यारु माडिद्दु इदु?" हे कोणी केलं, एवढं मला समजलं. वैशाली म्हणाली, कोरमंगलातल्या एका मेकॅनिकने. अण्णा त्या मेकॅनिकला शिव्या घालू लागले. बायको-मुलांना घेऊन जातात लोक, त्याला अक्कल नाही का, असं काहीसं मला कळलं. मी बाटली धरून ऐकत राहिलो. शेवटी म्हणालो, "नाने, अण्णा. नाने माडिद्दु." मीच केलं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि हातातली बाटली काढून घेतली. ते शिव्यांपेक्षा वाईट होतं.

अडीचशे रुपये घेतले. पेडल दगडासारखं घट्ट झालं. दुपारी घरी पोचलो, वैशाली मागे बसूनच आली. हेल्मेट काढता काढता तिने विचारलं, "पेडल मऊ आहे हे तुला निघतानाच माहीत होतं ना?"

मी हो म्हणालो.

"मग मला का बसवलंस?"

ट्रिपला आठवडा झाला. तिला अजून उत्तर दिलेलं नाही.