चालायला आवडणारी मुलगी

प्रियदर्शनी आमच्याकडे राहायला आली तेव्हा कोथरूडात घरटी एक तरी संगणकवाला निघाला होता. माझा मुलगा आणि सून सकाळी कंपनीच्या बसने हिंजवडीला जायचे, ते अंधार पडल्यावर उगवायचे. नातू शौनक कॉलेजात. दिवसभर बोलायला मी आणि भिंती. म्हणून मधली खोली ओळखीतल्या एका मुलीला दिली. ती पुसदची. वडील शिंपी. लोक तयार कपडे घ्यायला लागले आणि त्यांच्या मशीनला विश्रांती मिळाली; ती काही त्यांनी मागितली नव्हती.

मुलगी शौनकच्याच वर्गात. 'मी येऊन राहिली, मी जेवून राहिली' असं तिकडचं बोलायची, वर्ग हसायचा, म्हणून ती बोलणंच कमी करत गेली. अर्ध्या बादलीत अंघोळ. खोलीतला पंखा कुणी आलं तरच. मेसचा एक डबा दोन्ही वेळा पुरवायची. कॉलेजला जाताना पायी, येताना पायी. एकदा मी म्हटलं, "अगं, बसेस बंद पडल्यात का?"

"आवडते मला चालायला, आजी," ती म्हणाली.

मी चौथी शिकलेली, पण एवढं कळत होतं. पुढे विचारलं नाही. असलं विचारत गेलं की समोरचं माणूस उघडं पडतं.

शौनकला मात्र यात भलतंच काही दिसलं. त्यांना पर्यावरण हा विषय सक्तीचा होता आणि त्यात एक प्रकल्प करायचा होता: पर्यावरण जपणारा माणूस मनाने जास्त सुखी असतो का, याबद्दल मुलांना काय वाटतं. शौनक आणि त्याची मैत्रीण ओवी स्कूटरवरून सगळ्यांना विचारत फिरले. मुलं म्हणाली, हो तर, झाड लावलं की छान वाटतं, प्लास्टिकची पिशवी नाकारली की दिवस चांगला जातो.

"पण तसं जगणारं कुणी सापडत नाही गं आजी," शौनक म्हणाला, आणि मधल्या खोलीतल्या बंद पंख्याकडे बघत राहिला. मी तेव्हाच त्याला भाजी आणायला पिटाळायला हवं होतं.

प्रकल्प मांडताना भरल्या सभागृहात त्याने सगळं सांगितलं. अर्धी बादली, पंखा, डबा, चालणं. नाव घेऊन. तिला आधी विचारलंही नव्हतं. मॅडमनी तिला उभं केलं आणि म्हणाल्या, "इतक्या कमीत तू आनंदी कशी राहतेस?"

"आवडते मला," ती म्हणाली. टाळ्याच टाळ्या.

संध्याकाळी शौनक मला हे रंगवून सांगत होता तेव्हा ती मोरीत पाठमोरी बसून डबा घासत होती. घासून झालेला डबा परत घासत होती. कान लाल झाले होते.

तिचं नाव झालं ते असं. पूर्वी ओवी कधीमधी तिला स्कूटरवर घ्यायची, आता शेजारून जाताना म्हणायची, "बस म्हटलं असतं, पण तू थोडीच बसणार!" वाढदिवसाला पिझ्झा आला की तिच्यापर्यंत येता येता कुणीतरी म्हणायचं, "हिला नाही चालणार." ती हसायची. नाही म्हणायची.

मग एक दिवस जिन्यात तिचा पाय मुरगळला. घोटा चांगला सुजला, तरी ही निघालीच. मी दटावून खालच्या दिगंबरच्या रिक्षात बसवलं. स्कूटरवरच्या पोरी बांधतात तशी ओढणी तिने तोंडाला गुंडाळली, नुसते डोळे बाहेर. ऊन नव्हतं, धूळ नव्हती. मला नवल वाटलं.

संध्याकाळी दिगंबर म्हणाला, "आजी, तुमची पोरगी कॉलेजच्या अलीकडच्या गल्लीतच उतरते म्हणाली. दारात सोडतो म्हटलं तर रडायलाच लागली. गेली तशीच लंगडत."

आपल्याकडे पैसे नाहीत हे लपवणारी माणसं मी जन्मभर पाहिली. रिक्षात बसल्याची लाज वाटणारी ही पहिलीच.

गरम पाण्यात मीठ घालून घमेलं तिच्यापुढे ठेवलं. तिने पाय बुडवला तोच शौनक आला.

"ओवी सांगत होती, एवढ्या सुजल्या पायाने चालत आलीस. कमाल आहे तुझी!"

ती पाण्याकडे बघत म्हणाली, "मला नाही आवडत चालायला."

"काय?"

"नाही आवडत. पंख्याबिना गरम होते मला. पिझ्झा मी अजून खाल्ला नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं कुठं? तू तर सांगूनच टाकलं."

शौनक खाली फरशीवर बसला. मग म्हणाला, "मी उद्या मॅडमना खरं काय ते सांगतो."

"नको," ती घाबरून म्हणाली. "मग मी गरीब ठरीन. आता निदान चांगली तरी ठरून राहिली."

या 'राहिली'ला तो हसला नाही.

"माझ्यावर ढकला," मी म्हटलं. "सांगा, म्हातारी खाष्ट आहे, पायी जाऊ देत नाही. पंखा लावायला लावते, ताट वाढून समोर बसते."

पाय बरा होईपर्यंत रिक्षा आणि पुढे शौनकच्या मागे स्कूटरवर, असा माझा हुकूम कॉलेजात पोचला. रविवारी ओवी घरी आली. माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"आजी, राग मानू नका, पण एका माणसासाठी रिक्षा म्हणजे किती धूर?"

"हो बाई."

"आणि तिला चालण्यात आनंद मिळतो. तुम्ही तिचं मन मारताय."

"असेल. पण या घरात माझंच चालतं."

प्रियदर्शनी चहा घेऊन आली. कुणाकडेही न बघता कप ठेवले; ओवीचा चहा बशीत सांडला. ओवीने तिचा हात धरला आणि हळूच, पण मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "सॉरी यार. तुला असल्या घरात राहावं लागतंय."

प्रियदर्शनीने मान खाली घातली आणि आत गेली. मी चहा प्यायला घेतला. शौनकने पेपर तोंडापुढे धरला होता; ओवी जाईपर्यंत तो त्याने खाली घेतला नाही.